देवाच्या नावानं एक फोन

पूर्णेत सकाळच्या पारी रिक्षावरचा भोंगा ओरडत गेला तर त्यात बहुतेक मीच असतो. खताच्या दुकानाची जाहिरात असंल तर घोगरा शेतकरी, क्लासची असंल तर चिडके सर, आन साड्यांचा सेल असंल तर दोन जावांचं भांडण, दोघी बी मीच. आई म्हणती, "लोकं हातानं कमवतेत, तू नरड्यानं कमवायलास." मी तिच्याच आवाजात म्हणतो, "लोकं हातानं कमवतेत." मग ती लाटणं शोधती.

आमी ख्रिस्ती. गावात आमची घरं थोडी. रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांच्या मागं आमचं चर्च हाय, तिथं माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. पाळकसाहेब एक रविवार सोडून परभणीहून येतेत. ते नसले की खजिनदार काका उपासना चालवतेत. उपासना सुटली की पोरं मला पायरीवर घेरतेत, "दादा, साहेब करून दाखव." मी दाखवतो. एकदा साहेब मागंच उभे होते. सगळं ऐकून घेतलं आन म्हणले, "माझ्यापेक्षा छोटा उपदेश केलास, बरं केलंस."

पाप म्हणजे काय ते मला बाईनी शिकवलं. म्हणजे करायला न्हाई, ओळखायला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या आन रविवारी चर्चात संडे स्कूल घ्यायच्या, त्यामुळं आमच्या कानांना सुट्टी अशी नव्हतीच. एदेन बागेची गोष्ट आली की सापाचं काम मला. मी फुस्स केलं की बाईचा हात कानावर.

"साप फुसफुसला असता तर ती फळ खाणारी बाई पळाली नसती का? गोड बोल. काळजीनं बोल. फसवणारा काळजीच्याच आवाजात बोलतो."

मग मी साडीच्या दुकानातला सेल्समन काढला. "ताई, एकदा खाऊन तर बघा. पटलं न्हाई तर वापस घेऊ." सगळी पोरं हसली. बाई हसल्या न्हाईत. "बरोबर," म्हणल्या, "असाच होता तो."

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र त्या आंधळ्या बापाची. बापाला दिसत न्हाई, आशीर्वाद मोठ्या पोराला द्यायचाय, आन मोठ्याचे हात केसाळ मनून धाकटा हाताला बोकडाचं कातडं बांधून मोठा बनून येतो. बाप म्हणतो, आवाज तर धाकट्याचा वाटायलाय. तरी हात चाचपतो आन फसतो. मी हात वर केला होता, "बाई, त्याला नक्कल येत नव्हती मनून कातडं लागलं. मला लागलं नसतं."

कान पकडायच्या आधी बाई म्हणल्या ते मात्र ध्यानात ऱ्हायलं. "आशीर्वाद मिळाला त्याला, खरं आहे. पण म्हातारपणी त्याच्याच पोरांनी भावाचा अंगरखा बोकडाच्याच रक्तात बुडवून, त्याला जनावरानं खाल्लं असं सांगून बापाला फसवलं. खोटं बोलणं हे नुसतं तोंडाचं पाप नाही रे. तू समोरच्याच्या डोळ्यांवर फडकं बांधतोस, आणि मग त्याचाच हात धरून म्हणतोस, चला, मी वाट दाखवतो. देवानं माणसाला स्वतः ठरवायची मोकळीक दिली. फसवणारा तेवढीच चोरतो."

याच बाईचे डोळे मागच्या सालापासून जायला लागले. मोतीबिंदू. आधी त्यांनी शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचताना चष्म्याला शिव्या दिल्या, मग बल्बाला, मग छापखान्याला. एक दिवस त्या माझ्या आईला "नमस्कार पाळकसाहेब" म्हणल्या, तवा सगळ्यांना कळलं. डॉक्टरनं बघितलं आन साफ सांगितलं, मोतीबिंदू लय पिकलाय, आता टाळलं तर आतला दाब वाढून डोळा कायमचा जाईल. डोळ्यांच्या शिबिराची गाडी शनिवारी पूर्णेहून परभणीला जाणार होती. पुढची गाडी कधी, ते कुणालाच मालूम न्हाई.

आन बाई म्हणल्या, मी जाणार न्हाई.

त्यांना एकच मुलगा, माझ्यापेक्षा थोडा मोठा, पुण्यात कंपनीत हाय. त्यानं चुडाव्याच्या बौद्ध घरातल्या मुलीशी लगीन केलं, विहारात. बाई गेल्या न्हाईत. तेवढ्यावर बी मिटलं असतं. पण पुढच्या रविवारी उपासनेत विनंत्यांची वेळ आली. आमच्यात तेवा ज्याला जे दुःख हाय ते उभं राहून सांगायचं, मग सगळी मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करती. बाई उभ्या राहिल्या आन म्हणल्या, "माझा मुलगा भरकटलाय, त्याला परत आणा." मुलगा त्या दिवशी बायकोला घेऊन आईला भेटायला आलता. दोघं चर्चच्या दारात उभे होते. तिथूनच माघारी गेले. तेव्हापासून फोन न्हाई.

आता ह्याच विनंत्यांच्या वेळी बाई खुर्ची धरून उभ्या राहिल्या. "मी प्रभूला सांगितलं आहे. मुलाचा फोन आल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही. तुम्ही प्रार्थना करा."

आमच्यात नवस नसतो. नारळ न्हाई, कोंबडं न्हाई, पाहुण्यांसमोर आमी मोठ्या तोऱ्यात सांगतो तसं. पण हा नवसच होता, निस्ता शेवटी आमेन लावलेला. बाईनी देवाला शर्त घातली, आन सगळ्या मंडळीनं डोळे मिटून त्या शर्तीवर सही केली. कुणी म्हणलं न्हाई की बाई, हे काय करायलात. त्यांना म्हणणार कोण? आमचे सगळ्यांचे कान त्यांच्या हातातून गेलेले.

प्रार्थना लय झाल्या. फोन काही आला न्हाई.

बुधवारी खजिनदार काका आमच्या घरी आले. आईनं चहा ठेवला. काका मायेचा माणूस हाय, चर्चचा पंखा बंद पडला तर स्वतः स्टुलावर चढतेत. ते माझ्याकडं बघून म्हणले, "तू बाईच्या पोराचा आवाज काढतोस न्हव?"

"क्रिकेट खेळताना काढायचो. आऊट झाला तरी 'नॉट आऊट' म्हणायचा तसा."

"काढ बरं."

मला कुणी काढ म्हणलं की मी इचार करत न्हाई, ही माझी सवय. नाकात आवाज घेतला, शेवटचा शब्द थोडा लांबवला. "मम्मी, जेवलीस का गं?"

आईच्या हातातली गाळणी तशीच ऱ्हायली. काकांनी दाराकडं बघितलं, जसा तो खरंच आत आला. मग ते खुशीत मांडीवर थाप मारून म्हणले, "झालं! प्रभू तुझ्याच तोंडातून उत्तर देणार."

"काय करायलात काका?"

"शुक्रवारी सांजच्याला बाईला फोन लाव. म्हण, मम्मी, ऑपरेशन करून घे. बस."

"नंबर दुसरा दिसंल."

"त्यांना कुठं दिसतंय? आन कुणी वाचून दाखवला तर म्हण, मोबाईल बदललाय."

"मागून त्या म्हणल्या, सुनेला दे, तर?"

काका आईकडं बघायला लागले. आई म्हणली, "मी न्हाई बाबा सून होणार."

"ती ड्युटीवर गेलीय म्हणायचं," काका म्हणले.

"आन उद्या त्यानं खरंच फोन केला तर?"

"तर डबल आशीर्वाद!"

मला हसू आलं. पण एक खोटं उभं करायला किती टेकू लागायले, ते बी दिसत होतं. काकांना माझं तोंड दिसलं असावं. ते शास्त्रावर आले. "मिसर देशातल्या सुइणी राजाला खोटं बोलल्या का न्हाई? लेकरं वाचवली. देवानं त्यांचं भलं केलं. चांगल्यासाठी बोललेलं खोटं देव पदरात घेतो."

"काका, त्या राजाला खोटं बोलल्या. तो लेकरं मारायलता. बाई कुणाला मारायल्यात?"

"स्वतःच्या डोळ्याला!" आई मधीच बोलली. तिचा आवाज भरून आलता. "तुला गंमत वाटायली. बाईचा डोळा गेला तर ते पाप कुणाच्या माथी? तुझ्या त्या स्वच्छ तोंडाच्या माथी?"

बाई एकट्या ऱ्हातेत, चुलीजवळ चाचपडतेत, रेल्वेचं फाटक ओलांडून चर्चाला येतेत. मी म्हणलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी जाहिरात रेकॉर्ड करायला बसलो. बेन्टेक्स दागिन्यांची होती. सारखं चुकायलं. डोक्यात शुक्रवार न्हाई, पुढचा रविवार चालू होता. आमच्यात देवानं विनंती ऐकली की माणूस पुन्यांदा उभा राहतो आन साक्ष देतो. हे चुकत न्हाई, पोरगं दहावी पास झालं तरी साक्ष, म्हैस सापडली तरी साक्ष. बाई तर देणारच. डोळ्याला हिरवी पट्टी लावून उभ्या राहणार, म्हणणार, "मी मागितलं आणि प्रभूनं माझ्या मुलाच्या तोंडून उत्तर दिलं." काका डोळे मिटून आमेन म्हणतील. आई म्हणंल. मी बी म्हणीन. सगळं चर्च म्हणंल, आन तवर काकांच्या तोंडून सगळ्यांना मालूम असंल, एकट्या बाई सोडून.

ज्या बाईनी आमाला खोटी साक्ष म्हणजे काय ते कान धरून शिकवलं, त्यांच्याच तोंडून आमी खोटी साक्ष वदवणार. त्यांना न सांगता. देवाच्या नावावर. साप तरी स्वतःच्या नावानं बोललता.

तिथंच ठरलं. माईक बंद केला आन काकांना फोन लावला. "काका, मी करणार न्हाई."

"आरं, पण डोळा?"

"डोळा वाचवू. दोन दिवस हायेत. पण त्यांना आंधळं ठेवून न्हाई."

"मोठा आला पाळक," काका म्हणले आन फोन ठेवला.

मग मी बाईच्या मुलाला लावला. त्यानं कापला. परत लावला, परत कापला. तेवा माझ्या मनात काय आलं ते सांगतो. बाईचा आवाज तर मला झोपेत बी येतो. दुसऱ्या नंबरावरून लावायचा आन म्हणायचं, "ऐक रे माकडा, मी बोलतेय." तो पाघळलाच असता. तोंडात आवाज तयार सुद्धा झाला. बोकडाचं कातडं काही लांब नसतं, हाताशीच असतं. मी निस्ता मेसेज टाकला, "मी हाय. नक्कल न्हाई. बाईच्या डोळ्याचं बोलायचंय."

दुपारी त्याचाच फोन आला.

"काय झालं डोळ्याला?"

सगळं सांगितलं. शर्तीचं बी सांगितलं. तो हसला, पण कडू.

"म्हणजे पुन्हा मंडळीसमोर माझं नाव काढलं तिनं. देवाला बी कामाला लावलं, गावाला बी. मला एक फोन लावायला काय होतं तिला?"

"तुमीच लावा की."

"न्हाई लावणार."

"तिचा डोळा जाईल, दादा."

"मग तिनं जावं ना दवाखान्यात! मी कधी नको म्हणलं? माझ्या फोनला डोळा का बांधलाय तिनं?" मग कंपनीतल्या गोंगाटातून म्हणला, "तिला सांग, माझ्यासाठी प्रार्थना नको करूस म्हणावं. जेवायला बोलव म्हणावं. दोघांना. बस, एवढंच."

"हे तुमी सांगा."

"तू सांग. तुला बोलायचे पैसे भेटतेत ना," तो म्हणला आन ठेवला.

शुक्रवारी सकाळी बाईकडं गेलो. त्या ओसरीत बसून चाचपत तांदूळ निवडायल्या. खडे ताटात आन तांदूळ खाली पडायलते.

"कोण?"

"मी, बाई."

"कुणाच्या आवाजात आलास आज?"

"माझ्याच."

"मग काहीतरी बिघडलंय," म्हणल्या.

मी सगळं सांगितलं. काका आले होते, फोन करायचा बेत होता, मी न्हाई म्हणलो, मग तुमच्या मुलाला लावला. काहीच गाळलं न्हाई. बाईचं तोंड लाल झालं. ताट बाजूला सारलं.

"मला फसवायला निघाले? मला? ज्यांना मी मुळाक्षरं शिकवली?"

"तुमच्या काळजीनंच बाई."

"काळजीच्याच आवाजात असतं ते!" ओरडल्या. मग हळू म्हणल्या, "काय म्हणाला तो?"

"सांगतो. दादा म्हणले की..."

"तुझ्या शब्दांत नको. तू गोड करशील, किंवा तिखट करशील. त्याचं म्हणणं त्याच्या आवाजात सांग. मला माहीत आहे तू कोण आहेस. ह्यात फसवणूक नाही."

मी भोंग्यात बोलतो, पायरीवर बोलतो, कधी घाबरलो न्हाई. तिथं मात्र घाबरलो. माठातलं पाणी प्यायलो, नाकात आवाज घेतला आन तो जे जे म्हणला ते तसंच म्हणलं. मंडळीसमोर नाव काढलं, ते. फोनला डोळा का बांधला, ते. कडू हसणं बी गाळलं न्हाई. आन शेवटी, "माझ्यासाठी प्रार्थना नको करूस. जेवायला बोलव. दोघांना."

बाई भिंतीकडं तोंड करून ऐकायल्या. मला वाटलं मी चूक केली, डोळा तर गेलाच, आता माय-लेकाचं बी तुटलं.

"'दोघांना' म्हणताना आवाज बसला होता का त्याचा?" त्यांनी विचारलं.

"हो. थोडा."

"मग तू बसवला का नाहीस? पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणलं.

त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मी देवाला अट घातली," म्हणल्या, "आणि तिला विश्वास म्हणत होते. तुम्ही मला फसवायच्या आधी मी स्वतःलाच फसवून बसले होते. मला ऑपरेशनची भीती वाटते रे. सरळ भीती. मुलाचं नाव पुढं केलं." मग एकदम बाईच्या आवाजात, वर्गातल्या, "उद्या गाडी किती वाजता?"

"सकाळी. मी घ्यायला येतो. आन त्यांना फोन लावू का?"

"आज नाही. आज लावला तर मी रडून काम भागवीन. डोळा होऊ दे. त्याचं तोंड बघून भांडायचंय मला. आणि तिचंही बघायचंय, मी नीट बघितलंच नाही तिला."

शनिवारी गाडीत बाईनी सगळ्यांना हैराण केलं. जवळच्या गावच्या एका म्हातारीला भीती वाटायली तर तिला धीर द्यायच्या निमित्तानं त्यांनी जी प्रार्थना सुरू केली ती परभणी आली तरी संपंना. ती म्हातारी आपली मनोभावे "माय जगदंबे" म्हणत हात जोडून बसलेली. बाई एक डाव थांबल्या, ऐकलं, आन तिला न टोकता पुढं चालू झाल्या.

दवाखान्यात खिडकीवर सिस्टर होती. कागद पुढं सरकवून म्हणली, "नातेवाइकाची सही लागंल. तुमी मुलगा ना?"

मागं रांग. बाई माझ्या दंडाला धरून उभ्या. आतून नावं पुकारायलते. "हो" म्हणलं असतं तर तिथंच मिटलं असतं, कुणाचं काही गेलं नसतं. कुणी आवाज काढ म्हणायची बी गरज नव्हती.

"न्हाई," मी म्हणलं. "विद्यार्थी हाय त्यांचा."

"मग मुलाला बोलवा."

"पुण्यात हायेत."

"मग पुढच्या शिबिराला या." तिनं कागद मागं ओढला.

"ताई, डॉक्टरला इचारा. डोळा पिकलाय. मी इथून हलत न्हाई."

"रस्ता मोकळा करा हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी हललो न्हाई. शिव्या खाल्ल्या, एकानं ढकललं, तरी खिडकीचा गज धरून उभा ऱ्हायलो. शेवटी डॉक्टर बाहेर आले. बघितलं, इचारलं. म्हणले, पेशंट शुद्धीत हाय, स्वतः ठरवू शकते, तिचीच संमती घ्या, सोबतीला हा मुलगा चालंल.

सिस्टरनं शाईचं पॅड काढलं. "मावशी, अंगठा द्या."

"अंगठा?" बाई इतक्या जोरात म्हणल्या की रांग गप झाली. "मी अंगठा देऊ? अर्ध्या तालुक्याचा अंगठा मी सोडवलाय. पेन दे."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी पेन दिलं आन बाईचा हात धरून कागदावर न्यायला लागलो.

"हात सोड," बाई म्हणल्या. "कुठं करायची तेवढं सांग."

"थोडं खाली. उजवीकडं. तिथं."

त्यांनी चाचपून कागदाची कड शोधली आन सही केली. लांबलचक, तिरकी, छापलेल्या दोन ओळींच्या वरून, खिडकीच्या लाकडावर संपलेली.

"बरोबर आली का?"

"न्हाई बाई," मी म्हणलं. "वाकडी आली. पण तुमचीच हाय."

"मग चल आत," त्या म्हणल्या, आन मला ओढत निघाल्या, चुकीच्या दाराकडं.